वासाचं पाणी

लाँड्री, मागची खोली
४ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत बसत नाही.

पार्सल पोचलं. पोस्टमन जिना चढून आला तो धापा टाकतच. एवढं जड काय आहे, म्हणाला. म्हटलं, मुलाचे कपडे. मग त्यानं सही घेतली आणि गेला.

मी फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि राहिलेलं निम्मं मी मनानं भरतो. परवा दवाखान्यातून फोन आला, तर त्या नर्सला मी, तुमचा कोट तयार आहे, घेऊन जा, असं सांगून बसलो. तुझी सासू तर त्या दिवसापासून फोनला हात लावत नाही. त्या दिवशी तिनंच उचलला होता ना. तेव्हा आपला कागदच बरा. कागदावर मला सगळं ऐकू येतं.

कपड्यांच्या घड्या बघून वाटलं, मीच घातल्यात. लग्नानंतर दुकानात बसून इस्त्री शिकलीस ते वाया गेलं नाही म्हणायचं. कॉलरची टोकं अशी बसली होती की गिऱ्हाईकाचा शर्ट असता तर मी चार लोकांना दाखवला असता.

ही ठीक आहे तशी. पार्सल तिनंच सोडलं, एकेक कपडा बघितला आणि कपाटात लावला. तू कशी आहेस? वेळेवर जेवतेस ना? एकटीसाठी कुठे रांधायचं म्हणून चहाबिस्किटावर भागवू नकोस.

आणि ते उंच नळकांडं उभं राहिलं का? बाळ्या सुट्टीत आला की जेवताना त्याच्याबद्दलच बोलायचा. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, मी नुसती मान हलवायचो. आता मान हलवायची तर समोर कोणी नाही, म्हणून तूच लिही.

तुझा सासरा


मिलची प्रयोगशाळा
१३ फेब्रुवारी

ती. बाबांना आणि आईंना नमस्कार.

पत्र मिळालं. मी ठीक आहे. जेवते. कामावर जाते. नमुन्यांचा डबा उघडून तपासायला बसते, तपासले की लिहिते, घरी येते. दिवस जातो.

नळकांडं उभं राहिलं. इथे सगळे त्याला मनोरा म्हणतात. तुम्हाला नुसती मान हलवायला लागू नये म्हणून नीट सांगते. लाकडाचे तुकडे औषधात शिजवून कागदाचा लगदा करतात. शिजताना जी वाफ निघते ती थंड केली की तिचं पाणी होतं. दिसायला अगदी नितळ. बाटलीत भरून ठेवलं तर कोणी पिण्याचं समजेल. पण सगळी घाण त्यातच विरघळलेली असते. सडकी अंडी, कुजलेला कोबी, जळकं रबर, सगळं एका जागी. आम्ही त्याला वासाचं पाणी म्हणतो. आजवर ते उघड्या तळ्यात सोडत आले. तळ्यातून वास हवेत आणि हवेतून घराघरांत. आता हे पाणी मनोऱ्यात वरून खाली सोडायचं आणि खालून वाफ वर सोडायची. वाफ वर जाताना पाण्यातला वास ओढून घेते. तो नळीनं भट्टीत नेऊन जाळायचा. खाली जे पाणी उरतं ते लगदा धुवायला पुन्हा चालतं.

तुम्ही कापडात वाफ सोडून तेलाचा डाग उठवता, तसंच आहे. हे म्हणायचे, मी बाबांचाच धंदा करतोय, फक्त गिऱ्हाईक मोठं धरलंय.

मनोरा पुढच्या महिन्यात सुरू होईल. ह्यांच्या जागी फिटरला तात्पुरतं बसवलं आहे. चांगला माणूस आहे. दर थोड्या वेळानं मला विचारतो, अत्तरवाल्यांनी हे कसं ठरवलं होतं? मिलमध्ये ह्यांना सगळे अत्तरवाले म्हणायचे, ते तुम्हाला माहीत नसेल.

कपडे दोनदा धुतले होते. मळकं आत येईल पण बाहेर जाईल ते स्वच्छच, हा आपल्या घराचा नियम मला आईंनीच पहिल्या दिवशी सांगितला होता. शिवाय आईंना मिलचा वास सोसत नाही. हे घरी आले की आई दारातच टॉवेल हातात द्यायच्या आणि अंगावरचे कपडे वेगळ्या पिंपात टाकायच्या. म्हणून दुसऱ्या वेळी सोडा घातला आणि कडक उन्हात ठेवले. वास गेला की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. इथे आल्यावर वर्षभरात माझं नाक मेलं, सगळ्यांचंच मरतं. शेवटी फिटरच्या घरी बाहेरून पाहुणी आली होती, तिला हुंगायला लावलं. ती म्हणाली, फक्त साबण.

तेव्हा आईंना त्रास झाला नसेल अशी आशा आहे.

तुमची सून


लाँड्री
२२ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र वाचलं आणि ठरवलं की आता खरं लिहावं. ठीक आहे तशी, असं मी लिहिलं होतं. ती ठीक नाही.

त्या दिवशी पार्सल सोडलं तेव्हा मी दारात उभा होतो. तिनं पहिला शर्ट उचलला आणि तोंडावर धरला. मग दुसरा. मग स्वेटर, मग मफलर. मग पायमोजेसुद्धा. मला वाटलं, रडते आहे. रडत नव्हती, शोधत होती. सगळं संपल्यावर म्हणाली, तिनं त्याला धुऊन पाठवलं. एवढंच. त्यानंतर आजतागायत माझ्याशी शब्द नाही. दोन घास पुढे ठेवले तर एक खाते, तोही मी बघत असलो तर. डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले आजार काही नाही. आजार काही नाही हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, पण अंगावरचे कपडे सैल झाले ते मलाही दिसतं. लाँड्रीवाला आहे मी.

तिचं नाक तुला माहीत आहे. दुकानात आलेल्या गाठोड्यांना ती कधी चिठ्ठी लावत नाही. हुंगते आणि ठेवते. हे बेकरीवाल्याचं, हे त्या सिगारेटवाल्या वकिलाचं, हे बाळंतिणीचं. इतक्या वर्षांत एक टॉवेल इकडचा तिकडे गेला नाही. आता ती खाली उतरतच नाही, आणि मी माझ्या अकलेनं चालवतो. परवा वकिलाला बाळाची दुपटी गेली. तो सज्जन, हसत परत घेऊन आला.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. तू घराचा नियम पाळलास. उलट मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि खळ घालून पाठवले असते. दवाखान्यानंसुद्धा तो आमच्या हातात दिला तो पुसून, स्वच्छ करून. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. त्यामुळे तिच्या हाती त्याचं काही लागलंच नाही.

म्हणून विचारतो. न धुतलेलं एखादं फडकं, टोपी, हातरुमाल, काहीही राहिलंय का? बघ. त्यावाचून ती उठेल असं मला वाटत नाही.

सासरा


घर
१ मार्च

बाबा,

नाही. काही राहिलं नाही.

सगळं घर बघितलं. पाहुणे गेले त्या दिवशी मी धुवायला बसले होते आणि मग थांबलेच नाही. चादरी, अभ्रे, टॉवेल. पडदे. बुटांच्या नाड्या. ह्यांच्या छत्रीचं कापड काढून धुतलं आणि परत शिवलं. उशीत नवा कापूस भरून आणला. का, ते सांगता येत नाही. मनात काही नव्हतं. हात चालत होते. मिलमधल्या कपाटातलं सामान फिटरनं आणून दिलं, तेही त्याच दुपारी धुतलं. कंगवासुद्धा.

तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. मी अजून रडलेले नाही. इथे सगळे म्हणतात, बाई खंबीर आहे. तुम्हालाही कदाचित तसंच वाटत असेल. आईंना वाटत असेल की मी दगड आहे. मला काहीच वाटत नाही. कँटीनच्या ज्या रांगेत ताट हातात घेऊन हे खाली बसले आणि उठले नाहीत, त्याच रांगेत मी रोज उभी राहते आणि भात घेते.

मिलमध्ये नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. ह्या पाण्यातून जो वायू निघतो त्याचा वास थोडा असताना येतो. वायू फार झाला की तो आधी नाकच मारतो. म्हणून वास थांबला तर हायसं वाटून घेऊ नका, तिथून पळा. हे नव्या पोरांना ही गोष्ट शिकवायचे तेव्हा मी पलीकडे नमुने तपासत ऐकायची. आता एकटी असले की तेच आठवतं.

मनोरा वीस तारखेला सुरू होणार. त्यानंतर गावात वास राहणार नाही असं साहेब म्हणतात. गाव खूश आहे. आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांना चालणार असेल तर.

तुमची सून


लाँड्री
९ मार्च

सूनबाई,

दगड कोणी म्हणत नाही. खुळी आहेस.

आता मी काय लिहितो ते शांतपणे वाच आणि ह्या कानाचं त्या कानाला कळू देऊ नकोस. सोबत बाळ्याचा निळा चौकडीचा शर्ट पाठवतो आहे. तू पाठवलेल्यातलाच, कपाटातून हळूच काढला. तो तुझ्या त्या तळ्याकाठी दोन दिवस टांग. वीस तारखेच्या आत. मग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मला पाठव. मी सांगीन, सूनबाईला कपाटामागे पडलेला सापडला.

खोटं आहे, मला कळतं. पण जन्मभर लोकांचे डाग काढले, एकदा लावून बघू. बाळ्या दारात आला की जिन्यापासून वास यायचा. ही नाक मुरडायची, मी म्हणायचो, आले मिलचे मालक, खिडक्या उघडा. तोच वास तिला हवा आहे, आणि तो तुझ्याकडे तळंभर आहे. वीस तारखेला तोही जाणार. नंतर कितीही डोकं आपटलं तरी मिळायचा नाही.

ती आता भिंतीकडे तोंड करून झोपते. घाई कर.

सासरा


मिलची प्रयोगशाळा
१७ मार्च

बाबा,

तुम्ही सांगितलंत तसं केलं.

तळ्याच्या कठड्याला हँगर अडकवून शर्ट टांगला. खाली पडू नये म्हणून दोन चिमटे लावले. दुसऱ्या दिवशी फिटरनं बघितलं. म्हणाला, अत्तरवाल्यांचा शर्ट ना हा? म्हटलं, हो. वाळत घातलाय? म्हटलं, हो. थोड्या वेळानं बघितलं तर त्यानं शर्ट वाऱ्याच्या दिशेला सरकवून ठेवला होता, जिथे जास्त लागेल.

काढून आणला तेव्हा मी तोंडाला लावून बघितला. मला काहीच आलं नाही. कापड ओलसर होतं एवढंच कळलं. तेव्हा झालं असेल असं धरून चालते. तुम्हाला पोस्टातल्या लोकांचे शिव्याशाप लागू नयेत म्हणून तीन पिशव्यांत बांधला आहे.

परवा मनोरा सुरू होण्याआधीची शेवटची तपासणी. रात्रपाळीवाल्यांनी मनोऱ्याला हार घालायचं ठरवलं होतं, पण फिटर म्हणाला, आधी चालू तरी होऊ दे.

आईंनी काही खाल्लं तर कळवा.

तुमची सून


लाँड्री
२६ मार्च

सूनबाई,

पकडलो गेलो.

मी अगदी नाटकातल्यासारखा तिच्यासमोर गेलो. म्हटलं, हे बघ, काय सापडलं. पिशवी सोडली तर सगळ्या खोलीत दरवळ. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, वासानं आलं की कशानं ते मी स्वतःला विचारलं नाही. तिनं शर्ट घेतला. तोंडावर धरला. बराच वेळ धरला. मला वाटलं, जमलं.

मग तो खाली घेऊन नीट घडी घातली आणि म्हणाली, "हा मिलचा वास आहे. बाळ्या ह्याच्या खाली असायचा. ह्यात माणूसच नाही."

मग तिनं विचारलं, "ही कुणाची अक्कल?" इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली ती हे. मी म्हटलं, माझी. ती म्हणाली, "वाटलंच. त्या पोरीला असली कामं सांगता?" आणि शर्ट वेगळ्या पिंपात टाकून आली.

बेचाळीस वर्षं संसार केला आणि जिच्या नाकावर दुकान चालवलं तिलाच नाकानं फसवायला निघालो. ह्याला म्हणतात साठी उलटली. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मात्र एक झालं. तुझं एक तारखेचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. न रडल्याचं, छत्रीचं, कँटीनच्या रांगेचं. तू चिडशील, चीड. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, तिचं नाक मेलंय, तिला काय कळणार आपण काय धुतलं ते. मग उठून खिडकीत जाऊन बसली. जेवली मात्र नाही.

आता आणखी काय करायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर लिही.

सासरा


घर
२ मे

ती. आई,

हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे. बाबांनी वाचून दाखवलं तरी चालेल, पण ते तुमचं आहे.

मधे लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. मनोरा सुरू झाला. पहिले काही दिवस बिघडत होता, मग मार्गी लागला. तळं रिकामं करून बंद केलं. आणि वास गेला. खरंच गेला. सुरुवातीला कोणाला पटेना, कारण आधीही कोणाला येत नव्हता. मग एकेकाची नाकं जागी व्हायला लागली तशी गावात भांडणं सुरू झाली. ह्याच्या गटाराचा वास त्याला, त्याच्या बोकडाचा वास ह्याला. कँटीनच्या आचाऱ्याला लोक आता सांगतात की डाळ करपली आहे. तो म्हणतो, ती रोजच करपत होती, आजवर एकानं तोंड उघडलं नाही.

माझं नाक सगळ्यात शेवटी आलं. शेजारी कांदा परतत होते. मी उठून खिडकी लावली आणि मग लक्षात आलं की मी खिडकी का लावली. मग घरभर फिरले. प्रत्येक गोष्ट हुंगली. आई, सगळीकडे साबण. मी असं काही धुतलं होतं की ह्या घरात कोणी राहत होतं हेच कळू नये. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी तुम्हाला त्या पार्सलात काय पाठवलं होतं.

मागच्या आठवड्यात भांडारवाल्यानं सांगितलं की उघड्या तळ्यावर आता कोणी जायचं नाही, तर तळ्याचे मास्क जमा करा. हे मास्क रबराचे असतात, नाकातोंडावर घट्ट बसतात. बाजूला दोन डबे असतात, ते हवा गाळून आत घेतात. प्रत्येकाचा मास्क वेगळा. एकाचा दुसऱ्यानं लावायचा नाही. काम झालं की लगेच पिशवीत घालून तोंड बंद करायचं, नाहीतर डबे हवेतला वास पिऊन संपून जातात. ह्या नियमाला हे फार कडक होते, कोणी पिशवी उघडी ठेवली की त्याचं काही खरं नसायचं. सगळ्यांचे मास्क प्रयोगशाळेच्या कपाटात टांगलेले असतात. फिटरनं ह्यांच्या कपाटातलं सामान आणून दिलं तेव्हा त्यात मास्क नव्हता, कारण तो माझ्याच कपाटात होता. रोज मी त्याच्या शेजारचा माझा काढत होते.

जमा करायला काढला. पिशवीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, अत्तरवाले. तपासून द्यावा म्हणून तोंड उघडलं आणि मास्क बघायला जवळ घेतला.

आई, त्यात मिलचा वास नाही. एक कणही नाही. तो वास आत येऊ नये म्हणूनच तर तो मास्क. आत फक्त हे आहेत. चघळायचे ती लवंग, दाढीचा साबण, आणि हे.

मी पिशवी लगेच बंद केली. तशी शिकवण आहे. मग खाली फरशीवर बसले आणि रडले. फिटर आला, दार लावून बाहेर उभा राहिला, कोणाला आत येऊ दिलं नाही. भांडारवाल्याला मी सांगितलं, हा मास्क मिळत नाही. तो म्हणाला, मिळत नाही का, हातात तर आहे. म्हटलं, मिळत नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हरवला असं लिहून टाकलं.

मी घरी आणून कपाटात ठेवला आहे. परत उघडलेला नाही. पोस्टानं पाठवायला धीर होत नाही. पिशवी फाटली तर संपलं. आणि दर वेळी उघडली की थोडा जातो, तो परत भरून मिळत नाही. म्हणून मी एकटीनं उघडणार नाही.

तुम्हाला हे गाव सोसत नाही हे मला माहीत आहे. लग्नानंतर एकदा आलात आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं रुमाल नाकाला लावून परत गेलात. पण आता इथे वास नाही. तो ह्यांनीच घालवला. तुम्ही या.

तुमची सून


मिलचं गाव, सूनबाईचं घर
१६ मे

अहो,

मी पोचले. बसमधून उतरताना रुमाल हातात तयार ठेवला होता. उभी राहिले, श्वास घेतला, रुमाल परत पिशवीत टाकला. साधी हवा आहे. धूळ आहे, डिझेल आहे, कुणाच्या तरी घरची फोडणी आहे. बाकी काही नाही.

सूनबाई न्यायला आली होती. निम्मी झाली आहे. जेवते जेवते म्हणून तुम्हाला लिहीत होती ती सगळी थाप. घर म्हणाल तर आपलं दुकान बरं, इतकं स्वच्छ. डब्यात डाळ शोधायला लागली. आधी स्वयंपाक केला, तिला जेवायला घातलं, मीही बसले. मग दारं-खिडक्या लावल्या.

तिनं पिशवी माझ्या हातात दिली. म्हटलं, आधी तू. ती म्हणाली, नाही, आई, तुम्ही. शेवटी दोघींनी मिळून तोंड उघडलं.

आहे तो. लवंगेच्या खाली, साबणाच्या खाली. लहानपणी ताप उतरल्यावर डोकं हुंगलं की यायचा, तसाच. अगदी तसाच आहे. चाळिशीचा झाला होता मेला, तरी तोच.

दोघींनी एकेकदा घेतला आणि पिशवी बंद केली. ती माझ्या मांडीवर रडत रडत झोपली, सकाळपर्यंत उठली नाही. पाय बधिर झाला तरी मी हलवला नाही.

आता तुमचं. तो निळा शर्ट मी पिंपात टाकला होता. तो तुम्ही काढून आपल्या उशीखाली ठेवला आहे. कधीपासून ते मला माहीत आहे. माझं नाक शाबूत आहे हे तुम्ही विसरता. दिवसभर मला हसवायला बघता आणि रात्री त्या शर्टात तोंड घालता. त्यात काही नाही हो. मी सांगितलं ना, त्यात नुसती मिल आहे.

तुमच्या वाटचा इथे ठेवलाय. आम्ही हात लावत नाही. गाठोडी शेजारी ठेवा, वकिलाला जे द्यायचं ते देऊन टाका, चुकलं तर आणून देईल. ऐकू येत नाही ही सबब सांगू नका, ह्याला कान लागत नाहीत. कुलूप लावा आणि या.